आजीचा फोटो आधार कार्डावरून काढायची वेळ नको

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तीस वर्षं फोटोग्राफी हौस म्हणून केली, लग्नकार्यात सगळ्यांना फुकट फोटो काढून दिले, आणि रिटायर झाल्यावर साताऱ्यात घरातल्याच पुढच्या खोलीत पोर्ट्रेटचं छोटं काम सुरू केलं. सामान काय, तर ५० एमएमची लेन्स, उत्तरेची खिडकी आणि सावलीच्या बाजूला धरायला पांढरा थर्माकोल. तेवढ्यावर चेहरा असा काही खुलतो ना!

पण लोक जास्त कधी येतात माहितीय? माणूस गेल्यावर. आधार कार्डावरचा तो एवढासा फोटो मोठा करून द्या म्हणतात, आणि काहीही केलं तरी तो फुटतोच हो. मागच्या महिन्यात एक आजी आल्या, खुर्चीत बसल्या की लगेच हात पदराखाली लपवले, शेतात राबून काळे पडलेत म्हणाल्या, मी म्हटलं हातांसकटच काढू, आणि आता तोच फोटो नातवाने हॉलमध्ये लावलाय.

कळकळीची विनंती आहे, "जरा गोरं करा" म्हणू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक तरी नीट फोटो ती हिंडतीफिरती असतानाच काढून घ्या, माझ्याकडं नाही तर तुमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरकडं.

– एक वाचक, सातारा