१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येची उकल

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का, असं तू विचारलंस. छे! हा तर पूर्ण वर्ग आहे, तोही १११११११११ चा. उभा गुणाकार मांडून बघ. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे उजवीकडून स्तंभात एक, दोन, तीन असे एक साठत जातात, मधोमध नऊ होतात आणि पुन्हा उतरतात. हातचा कुठेच नाही. दहा एकांचा वर्ग कर, मधल्या स्तंभात दहा जमतील, हातचा जाईल आणि नक्षी बिघडेल: १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणत. नाव मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून घेतलेलं.

अवयव पाडताना सतरा अंकांशी झुंजू नकोस, १११११११११ हीच संख्या फोड. तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो, उरतात ३३३६६७. तेव्हा आपल्या संख्येत ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. प्रत्येक घातात एक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांची संख्या विषमच येणार.

खरी मेख पुढे आहे. ३३३६६७ मूळ कशावरून? वर्गमूळ ५७७ च्या जरासं वर, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. एवढी हमाली नको. समज, मूळ संख्या प ने तिला भाग जातो. मग ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागलं की बाकी १. ही १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, त्याने ९ ला भाग जायला हवा, म्हणजे तो १, ३ किंवा ९. तो १ किंवा ३ असता, तर तिसऱ्या घाताचीही बाकी १ आली असती, मग १००१००१ ची बाकी १+१+१ झाली असती आणि प हा ३ च ठरला असता; पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ बाद. तेव्हा बाकी १ पहिल्यांदा नवव्या घातालाच येते, आणि फर्माच्या छोट्या सिद्धान्ताने (१० च्या प−१ व्या घाताचीही बाकी १ येते) प−१ ला ९ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून १८ ने. उरल्या फक्त १७ मूळ संख्या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३ अशा ५७७ पर्यंत. ३७ चांगलीच हुलकावणी देते, बाकी १. ५७७ ला १६१.

हे कॉम्प्युटरवर ताडून बघणार असशील तर जपून. एक्सेल पंधराच अंक धरतं, शेवटचे दोन शून्य करून टाकतं. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे एकही विषम संख्या नीट साठवू शकत नाही; आपली संख्या तिथे ...३२० होते, आणि २ ने भाग जातो असं बिनदिक्कत सांगते! पायथॉनमध्ये पूर्णांक अचूक राहतात, फक्त भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ वापर, नाहीतर तोच घोळ.

सतरा भागाकार हातानेच कर आणि बाक्या कळव. १९ ची ८ यायला हवी.

तुझा,
अविनाश