आता मैदानच चाललं

क्लीव्हलंड

प्रिय विज्या,

तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, पण चालायचंच. पत्र लिहायला बसलोय ते ब्राउन्सपायी, आपल्या इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमपायी. इथं आता हे बोलायला आपल्यातलं कुणी उरलं नाही.

ब्राउन्स ईरी सरोवराचा काठ सोडणार. शहरानं दहा कोटी डॉलरवर तडजोड करून भांडण मिटवलं. विमानतळाजवळ ब्रूक पार्कला छताचं नवं स्टेडियम बांधायचं ठरलंय, राज्यानंही साठ कोटी मंजूर केलेत. आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, वीस मिनिटांचा तर रस्ता आहे!" त्यानं १९९५ पाहिलेलं नाही रे.

६ नोव्हेंबरला टीमचा मालक मॉडेलनं बाल्टिमोरात उभं राहून टीम तिकडं नेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तू रात्रभर जेवला नव्हतास. आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील फुटबॉल टीमला कुणी उचलून सांगलीला नेलं असतं तर पेठेनं काय केलं असतं, तसंच इथल्या लोकांनी केलं. मोर्चे काढले, कोर्टात गेले आणि ब्राउन्सचं नाव, रंग, सगळा इतिहास शहराकडं ठेवून घेतला. मॉडेलला फक्त खेळाडू नेता आले. कुठल्या शहरानं असं करून दाखवलंय सांग! त्या इतिहासात १९४६ आहे. जॅकी रॉबिन्सन बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये यायच्या आदल्या वर्षी कोच पॉल ब्राउननं मॉटली आणि विलिस या दोन काळ्या खेळाडूंना इथं उतरवलं होतं. त्याच पॉल ब्राउनला १९६३ साली मॉडेलनं काढलं. पुढं पॉल ब्राउननं सिनसिनाटीची टीम उभी केली, आणि जुन्या स्टेडियमातला शेवटचा सामना नेमका त्यांच्याशीच पडला.

१७ डिसेंबरचा तो सामना. २६-१० नं जिंकलो आणि लोक रडत होते. डॉग पाउंडमधली, म्हणजे कट्टर चाहत्यांच्या स्टँडमधली, बाकं उपटून मैदानात पडत होती. तू उचललेला तुकडा वहिनींनी अजून घरात ठेवू दिलाय का? आणि आपला खेळाडू बायनर! सामना संपल्यावर तो कठड्यापाशी येऊन एकेकाच्या गळ्यात पडत होता. पूर्वी डेन्व्हरच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू सुटला म्हणून तू त्याला आयुष्यभर शिव्या दिल्यास. डेन्व्हरच्या त्या सामन्यात दोन टचडाउन त्यानंच केले होते, हे मी तुला तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. डेन्व्हरच्या कास्टीलनं चेंडू हिसकावला, बायनरनं टाकला नाही.

पुढं जुनं स्टेडियम पाडलं, त्याचं काँक्रीट माशांसाठी ईरीच्या तळाशी नेऊन टाकलं आणि १९९९ साली त्याच जागेवर नवं उभं राहिलं. टीम वाईट खेळली, २०१७ साली सोळाच्या सोळा सामने हरली, तरी मी जात राहिलो. डॉग पाउंडात सरोवरावरचा वारा तोंडावर बसला की ओटो ग्रॅहम, जिम ब्राउन यांच्यासारखे ब्राउन्सचे दिग्गज इथंच खेळले एवढं पुरे व्हायचं. छताखाली तो वारा कुठला? नाव लढून राखलं, पण जागेसाठी या खेपेला कुणी रस्त्यावर उतरलं नाही. मला लागलंय ते हेच. बाल्टिमोरवर चिडता तरी येत होतं. आता चिडायचं कुणावर?

काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? सोनूचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख कळव म्हणजे तिकीट काढतो. फ्लॅटच्या बिल्डरला मात्र सोडू नकोस.

इथल्या स्टेडियमचा करार २०२८ च्या मोसमापर्यंत आहे. त्याआधी एका डिसेंबरात ये. तिकिटं मी काढतो, जागा डॉग पाउंडातलीच.

तुझा,
बाळू