शिक्षण हा पदवीचा विषय का नसावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे मुली सल्ला विचारायला येतात. एखादी म्हणते, "बाई, मला शिक्षणातच काहीतरी करायचंय." तिला घरीदारी एकच उत्तर मिळालेले असते: आधी बीए कर, मग बीएड, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा दे आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट बघ. म्हणजे शिक्षणात काही करायचे तर शिक्षिकाच व्हायचे, आणि या विषयाला हात घालायचा तोही पदवीची वर्षे दुसरेच काही शिकण्यात गेल्यावर.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, बहुतेक सगळी जावळी तालुक्यात. त्या अनुभवावरून सांगते, शिक्षण हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षापासून, अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, भाषाशास्त्र यांच्या जोडीने शिकवायला हवा. ज्यांना शिक्षक व्हायचे नाही त्यांनाही तो घेता यावा. आणि ही पदवी साताऱ्यात सुरू व्हावी.

कमी पटाच्या, म्हणजे कमी विद्यार्थीसंख्येच्या शाळांचेच घ्या. २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. पण जावळी-पाटणच्या वाड्यांत पट का घटतो, हे त्यात क्वचितच आले. घरातला कर्ता पुरुष मुंबईत माथाडी. पोर लहान आहे तोवर आईजवळ, आजीजवळ गावी राहते. पुढे नवी मुंबईत खोली झाली की आईही जाते आणि जूनमध्ये चुलता शाळा सोडल्याचा दाखला काढायला येतो. मागे उरतात ती ज्यांच्या घरच्यांचे तिकडे बस्तान बसले नाही अशी मुले, म्हणजे सगळ्यांत ओढगस्तीच्या घरची. शाळा बंद होते ती त्यांची. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. पण नकाशावरचा किलोमीटर आणि आषाढात ओढा भरून वाहत असतानाचा किलोमीटर एक नव्हे.

दुसरी बाजूही खरी आहे. सात मुलांच्या शाळेत चौथीत एकटीच मुलगी असली, तर तिला बरोबरीचे कुणी नसते, खेळायला नाही की भांडायला नाही. त्याचा तिच्या बोलण्यावर, वाचनावर काय परिणाम होतो? कोणत्या वयाचे मूल किती लांब चालत जाऊ शकते? गाडीची सोय केली तर तिचा खर्च दर वर्षी कोण करणार? आई मुंबईला आणि मूल आजीजवळ, अशा घरात अभ्यास कोण घेणार? या प्रश्नांची उत्तरे एका विषयाच्या माणसाला देता येणार नाहीत.

प्रत्येक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, कधी दाखल झाले, कधी सोडून गेले, का गेले, सगळे त्यात असते. जुन्या शाळांत एकेका वाडीच्या कित्येक पिढ्या या जाड पुठ्ठ्याच्या वहीत सापडतात. कोणत्या वर्षी मुली शाळेत टिकू लागल्या, कोणत्या दशकात अख्खी भावकी मुंबईला गेली, ते ओळीने वाचता येते. हे रजिस्टर अभ्यासासाठी कुणी उघडलेले मी पाहिले नाही. बीएडचा विद्यार्थी पाठ टाचण आणि सराव पाठांत बुडालेला असतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला असे काही रजिस्टर असते याचा पत्ताच नसतो. या दोघांचे शिक्षण एकत्र झालेला विद्यार्थी मला हवा आहे.

शिक्षणाचा असा जोडून विचार करणे या जिल्ह्याला नवे नाही. महात्मा फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले, अभ्यासक्रमात शेती आणि आरोग्याचे धडे मागितले, आणि सरकारी तिजोरी रयतेच्या घामातून भरते पण शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर जातो हेही स्पष्ट मांडले. अर्थकारण, जात आणि अध्यापन, सगळे एका निवेदनात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि १९३५ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज. पंगत, शेतातले कष्ट आणि वर्ग यांचा वेगवेगळा विचार त्यांनी कधी केला नाही.

दिल्ली विद्यापीठात १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी सुरू झाली. तिच्यात बालविकास, भाषा, समकालीन भारत यांच्याबरोबर नाट्य आणि हस्तकलाही ठेवली गेली. पश्चिम बंगाल, ओडिशात बीएला शिक्षणशास्त्र हा मुख्य विषय घेता येतो. आपल्याकडे अकरावी-बारावीला शिक्षणशास्त्र आहे, पण पुढे बीएला ते मुख्य विषय म्हणून घेतलेली मुलगी आमच्या भागात माझ्या पाहण्यात नाही. चार वर्षांचा एकात्मिक बीएड २०२३-२४ पासून देशात सुरू झाला, त्याचे स्वागतच आहे, पण तोही शिक्षक होणाऱ्यांसाठी.

"नोकरी कुठे मिळणार?" असे पालक विचारतील, आणि ते विचारणे रास्तच आहे. पाठ्यपुस्तके तयार करणारी माणसे लागतात. फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी, स्वयंसेवी संस्थांत, वृत्तपत्रांत शिक्षणाची खोलवर जाण असलेली माणसे लागतात. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा वाद पेटला, शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले. त्या सगळ्या गदारोळात सहा वर्षांचे मूल भाषा कशी शिकते यावर अधिकाराने बोलणारे किती थोडे होते! शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अशी पदवी घेतलेली एखादी आई त्या समितीत असली तरी शाळेचा कारभार बदलेल.

साताऱ्यात सोय आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात कला, विज्ञान आणि वाणिज्य अशी तिन्ही महाविद्यालये एकत्र आली आहेत, आणि आझाद शिक्षणशास्त्र महाविद्यालय याच शहरात आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाला दुय्यम विषयाची जोड देता येते. निदान दुय्यम विषय म्हणून शिक्षणशास्त्र येत्या वर्षापासून सुरू करावे, आणि अभ्यासक्रम ठरवताना प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांना बैठकीला बोलवावे.

एक व्यवहाराची सूचना. या मुलांना जावळी-पाटणच्या वाड्यांत अभ्यासाला पाठवायचे झाले, तर भाताची झोडपणी आटोपल्यावर पाठवा. त्याआधी घरी कुणी भेटत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
मेढा, ता. जावळी, जि. सातारा