शिरपूरच्या मावशींना, सप्रेम सलाम

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशन तुम्ही पुढे ढकलत बसलाय. तुमची नात मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवेल, आणि तुम्ही तिला मध्येच थांबवून म्हणाल, "हाई काय लिखं व हिनी?" तर मावशी, तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, चहा टाकायला उठता. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितेय. शिवाय मी जिथं अडकले होते तिथं आपल्या मंडळीतल्या आणखी कितीतरी बाया गप्प बसून आहेत. त्यांच्याही कानावर जावं.

माझा धाकटा भाऊ गेला, त्याआधीचे दिवस तुम्ही पाहिलेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, धुळ्यातल्या दवाखान्याचा तो लांबलचक व्हरांडा, बाहेर आई पदराखाली हात जोडून. आपल्या भगिनींनी साखळी प्रार्थना लावली होती. रात्री दोनची वेळ कुणाची, तीनची कुणाची, याची यादी मीच केली होती. उपास झाले, तेल लावून प्रार्थना झाली. त्याला उठवून उभं करण्यासाठी माणसांनी जे जे करायचं ते सगळं झालं. तो भर पावसाळ्यात गेला.

मग घरी लोक येऊ लागले. "देवाची योजना असते." "तो आता चांगल्या ठिकाणी आहे." एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, प्रार्थनेत कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल का? मी मान हलवली, चहा दिला, दार लावलं. पुढच्या रविवारी संडे स्कूलला गेले, मुलांकडून वचनं पाठ करून घेतली. बाहेरून सगळं जागच्या जागी. आत प्रार्थना करायला डोळे मिटले की काहीच नाही. राग आला असता तर निदान काहीतरी होतं. ते फक्त कोरडं होतं.

मग धडा आला लाजरसाचा. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. बहिणींचा भाऊ आजारी, निरोप पाठवलेला, येशू उशिरा येतो. मुलांपुढे पुस्तक उघडलं आणि मला पुढं बोलताच येईना. मुलांना चित्र रंगवायला बसवून मी मागच्या दारानं बाहेर पडले. तुम्ही पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होता. एवढंच विचारलंत, "जेवनी का?"

दुसऱ्या दिवसापासून कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन येऊ लागलात. बायबल पिशवीत असायचं, पण कितीतरी दिवस ते तुम्ही बाहेर काढलंच नाही. मी जेवेपर्यंत बसायचात, भांडी विसळायचात, निघून जायचात. नंतर एकदा बायबलातलं 1 राजे 19 वाचताना मला कळलं, ही रीत तुम्ही कुठून घेतलीत ते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. "तू इथं काय करतोस?" हा प्रश्न पुढं, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनंतर. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, आम्ही चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात हेच करायचो, पेशंटच्या पोटात आधी पेज जाऊ दे, प्रश्न मग.

बायबल काढलंत ते एका दुपारी, आणि उघडलंत स्तोत्र 13. म्हणालात, मोठ्यानं वाच. सहाच ओव्यांचं स्तोत्र, आणि पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा तोच सवाल: कोठवर? देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? मी लहानपणापासून चर्चला जाते, हे स्तोत्र किती वेळा ऐकलं असेल. पण हे देवाला तोंडावर विचारलेलं आहे आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, हे कधी डोक्यातच शिरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "राग शे ना तुले? मंग त्यालेच सांग. लोकेसले सांगीसन काय व्हई?"

मग रोज एक. 150 स्तोत्रांतून तुम्ही मला नेमकी रडणारी, भांडणारी काढून देत होता. स्तोत्र 22 आलं तेव्हा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे वाचून तुम्ही पुस्तकावर बोट ठेवलंत आणि फक्त म्हणालात, वधस्तंभावरून त्यानं हेच म्हटलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांचे संदेश होतात. त्यातल्या या चौथ्या उद्गारावर बोलणारा माणूस नेहमी घाईघाईनं पुनरुत्थानापर्यंत पळतो, असं मला आता वाटतं. तुम्ही पळाला नाहीत. थांबलात.

आणि स्तोत्र 88. हेमान एज्राहीच्या नावावरचं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपतं. ते वाचून झाल्यावर मी विचारलं, मावशी, याचा शेवट कुठाय? तुम्ही म्हणालात, एवढंच आहे. ज्यानं हे बायबलात ठेवलं त्याला माहीत होतं की काही दिवस असेच संपतात. त्या रात्री मी भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा प्रार्थना केली. ती ऐकवण्यासारखी नव्हती. तिच्यात एकही आभाराचा शब्द नव्हता, आणि तरी बोलायला कुणीतरी समोर होतं.

त्यानंतर आपण परत बेथानीला, लाजरसाच्या गावी, आलो. तुम्ही मला घाई केली नाहीत, मीच म्हटलं, आता वाचू. मार्था वेशीपर्यंत जाऊन येशूला गाठते आणि पहिलंच वाक्य काय? "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." थोड्या वेळानं मरीया येते, पाया पडते आणि तेच म्हणते. दोघी बहिणी घरात चार दिवस एकमेकींशी हेच बोलल्या असणार, हे तुमचं म्हणणं. बायामाणसांच्या घरचं दुःख पाहिल्याशिवाय हे सुचत नाही. येशू दोघींपैकी एकीलाही म्हणत नाही, की तुझा विश्वास कमी पडला. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडतो, आणि हे तो अशा वेळी करतो जेव्हा लाजरसाला आपण मेलेल्यांतून उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे.

मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते. म्हटलं, लाजरस उठला, माझा भाऊ नाही उठला, मग ही गोष्ट माझ्या काय कामाची? दुसरं कुणी असतं तर मला समजावत बसलं असतं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "लाजरस बी मंग एक दिन मरनाच व माय." त्या दोघी बहिणींना पुन्हा एकदा रडावं लागलं असेल, किंवा त्या आधी गेल्या असतील तर त्याला. उठलेला लाजरस ही खूण होती. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे येशूनं मार्थेला सांगितलं ते कबरेचा धोंडा बाजूला करण्याआधी, भाऊ अजून आत असताना. तिनं त्या घडीला धरलं ते येशूला, चमत्काराला नव्हे. मी किती प्रवचनं ऐकली आहेत, मावशी, पण हे मला चपला दारात काढून ओट्यावर बसलेल्या एका निवृत्त आयाबाईनं सांगितलं.

दुसरं एक लिहिलं पाहिजे. त्या हिवाळ्यात तुम्ही मला शिरपूरकडे तुमच्या पुतण्याच्या केळीत नेलंत. शेवरीच्या आडोशानं बाग उभी होती आणि गडी विळ्यानं बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होते. चांगली हिरवीगार, तजेलदार पिलं. मी म्हटलं, कशाला कापता? तुम्ही म्हणालात, आपल्याकडे द्राक्षवेल नाही, म्हणून योहान 15, वेलीच्या छाटणीचा अध्याय, मी इथं वाचते. सगळी पिलं राहू दिली तर आईझाडाचा घड बारीक पडतो. मग माझ्याकडे वळून विचारलंत, तुझी किती पिलं आहेत? भगिनी मंडळाची चिटणीस, संडे स्कूल, नाताळचं नाटक, गायनवृंदाच्या साड्या, विभागाच्या मेळाव्याची वर्गणी. सगळी प्रभूची कामं, एकही वाईट नाही. परतल्यावर मी चिटणीसपद सोडलं, नाटकही सोडलं. संडे स्कूल ठेवलं. काही जणींना राग आला, अजून आहे. माझं सकाळचं वाचन मात्र त्यामुळेच टिकलं.

नवं होणं म्हणजे एका सभेत हात वर करून घडणारी गोष्ट, असं मी समजत आले होते. पौल करिंथकरांना लिहितो की अंतरीचा माणूस दिवसानुदिवस नवा होतो. रोज थोडा थोडा, म्हणजे एखाद्या दिवशी काही झालं असं वाटणारही नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत ती बाई रडली, भांडली, दूर राहिली, जवळ आली. कुणी तिला तारीख ठरवून दिली नव्हती. आपल्या साक्षसभांत मात्र बरे झालेलेच उभे राहतात, नोकरी लागलेले, व्हिसा मिळालेले. ज्यांच्या प्रार्थनेचं उत्तर आलं नाही आणि जे तरीही येऊन बाकावर बसतात, त्यांना माईक कधी द्यायचा? हा माझा सवाल आहे आणि पाळकसाहेबांनी तो ऐकला आहे.

तुम्हाला कळावं म्हणून सांगते, आता माझं कसं चाललंय. पहाटे नळाला पाणी येण्याआधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचते, क्रमानं, आवडीनिवडी न ठेवता. भांडायचं असेल तर भांडते. आभारही परत आलेत, पण आपोआप, बोलावून नाही. स्तोत्र 51 मधलं "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर" हे मी पूर्वी पाठ म्हणून म्हणायचे, आता मागणी म्हणून म्हणते. संडे स्कूलमधल्या मोठ्या मुलांना स्तोत्र 13 शिकवलं आणि ज्याला जे विचारायचं ते देवाला वहीत लिहायला सांगितलं. एका मुलानं लिहिलं, आमची विहीर का आटली? वही तपासायची नाही असं मी कबूल केलं होतं, तरी ते त्यानंच दाखवलं.

आणि दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात जाते. पहिल्यांदा जिना चढताना पाय कापत होते. डायलिसिसला चार तास लागतात, बाहेर बसलेल्या आयाबहिणी सकाळपासून उपाशी असतात. भाकरी नेते, शेजारी बसते. कुणी विचारलं तरच प्रार्थना करते, आणि समोरची बाई ज्या देवाला हाक मारते त्या नावाची चौकशी करत नाही. एकीनं मला विचारलं, हे शिकलीस कुठं? मी तुमचं नाव सांगितलं. तेवढं माफ करा.

येत्या महिन्यात भगिनी सभेत वाचन माझ्याकडे आहे. मी स्तोत्र 88 घेणार आहे, पूर्ण, शेवटची ओळ न गाळता, आणि त्यानंतर टिळकांचं भजन नको, दोन मिनिटं शांतता हवी असं सांगून ठेवलंय. कुरकुर होईल. तुम्ही पहिल्या बाकावर बसा म्हणजे मला धीर येईल.

त्याआधी मोतीबिंदूचं उरकून घ्या, मावशी. डॉक्टरांकडे मी सोबत येते, सुट्टी टाकली आहे. ऑपरेशननंतर चुलीपुढं बसायचं नाही, तेव्हा तेवढे दिवस भाकऱ्या माझ्याकडून. कळण्याचं पीठ दळून आणलंय. ठेचा तुमच्यासारखा जमत नाही, तो नातीला करू दे.

तुमची,
धुळ्याची लेक