बरा झाला असं ठरवलं कुणी? मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या व्यसनमुक्ती मेळाव्यात तुम्ही स्टेजवरून सांगितलं होतं की पेशंट केंद्रातून घरी गेला तरी शासन त्याला वाऱ्यावर सोडणार नाही, वर्षभर त्याच्या पाठीशी राहील. आम्हा अंगणवाडीच्या बायकांना तिथे खुर्च्या भरायलाच बोलावलेलं, पण मी टाळ्या मनापासून वाजवल्या, कारण माझे मिस्टर तेव्हा केंद्रात होते.

आता पुढचं ऐका. गेल्या आठवड्यात पुतण्याची हळद होती. डीजेसमोर कुणीतरी ह्यांच्या हातात दारूचा ग्लास दिला. घरी आले ते दुसऱ्या दिवशी, रात्रभर ओढ्याच्या कडेला गाडीखाली पडून, खांद्याचं हाड मोडून. मी केंद्रावर फोन लावला तर तिथला माणूस म्हणतो, ताई, तुमच्या मिस्टरांची केस बंद झालीये, कार्डावर 'सुधारणा चांगली' लिहिलंय, परत घ्यायचं तर नवीन फाईल करावी लागेल आणि सध्या बेड नाही. म्हणजे कागदावर माझा नवरा बरा आहे साहेब. मग घरात खाटेवर विव्हळतोय तो कोण?

हे 'सुधारणा चांगली' कसं ठरलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. डिस्चार्जच्या दिवशी ऑफिसबाहेर बाकड्यावर चार माणसं, एकच पेन. आतला मुलगा फॉर्म वाचत होता, ताण आल्यास सामना करू शकता का, मित्रांनी आग्रह केल्यास नकार देऊ शकता का, रागावर नियंत्रण आहे का. प्रत्येकाला हो. आमचे हे तर दुसऱ्या प्रश्नापासून मला विचारत होते की म्हशीला भुसा आणला का, आणि तोंडाने हो हो चालूच. त्या मुलाने शेवटी प्रश्न वाचणंच सोडलं, सगळ्या 'हो'वर वरून खाली एक उभी रेघ मारली आणि सही घेतली. माझी पण घेतली, साक्षीदार म्हणून. मला मात्र एक शब्द विचारला नाही.

अहो, मी अंगणवाडीत पोराचं वजन घेते तर काट्यावर घेते, आधी काटा शून्यावर आहे का बघते, महिन्याच्या महिन्याला पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरते, आणि एखाद्याचं वजन घटलं की सुपरवायझरचा फोन येतो. एवढ्याशा पोराला जो नियम तो चाळीशीच्या दारुड्याला का नाही? तो परत प्यायला लागलाय की नाही हे बघायला माझ्या दारात आजपर्यंत कुणी आलं नाही. वर्षभर पाठीशी राहणारं शासन कुठल्या रस्त्याने आलं आणि गेलं काही कळलं नाही.

माझी भाची एमएसडब्ल्यू (समाजकार्याचं शिक्षण) करतेय, तिने मला बसवून समजावलं की हे मोजायच्या पद्धती जगात कधीच्या आहेत. कॅनडात टोरंटोच्या हेलन ॲनिस बाईंनी ३९ प्रश्नांची प्रश्नावली केली, त्यात हो-नाही नसतंच, अमुक प्रसंगात पिण्याचा मोह टाळू शकाल याची किती खात्री वाटते ते शून्य ते १०० मध्ये सांगायचं, आणि प्रसंग पण वेगवेगळे, भांडण झालं तर, एकटं वाटलं तर, आनंद झाला तर, चारचौघांनी आग्रह केला तर. अमेरिकेत मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने परत प्यायला लागलेल्यांचे प्रसंग तपासले, तर जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा कारण तीनच निघाली. मन खराब होणं, कुणाशी तरी वाजणं, आणि लोकांचा आग्रह. हे मला कुठल्याही गावातली बाई चहा गाळता गाळता सांगेल, पण निदान त्यांनी मोजलं तरी.

आणि मला सगळ्यात पटलं ते १९७८ सालचं. मार्लॅट आणि त्यांच्या सोबतच्यांनी पेशंटला प्रसंग ऐकवला आणि सांगितलं, तू आत्ता तिथे आहेस, बोल काय करशील. त्याने तोंडाने उत्तर द्यायचं. उत्तर कसं आहे ते बघितलं आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला तेही मोजलं. कारण समोर ग्लास आल्यावर विचार करायला कुणी वेळ देत नाही. बघा ना किती साधं आहे. आमच्या ह्यांना कुणी समोर उभं करून म्हटलं असतं की मी तुमचा चुलतभाऊ, आज घरचं कार्य, घ्या एक घोट, नाहीतर आम्हाला परकं समजता असं वाटेल, तर मी सांगते ते गप्प उभे राहिले असते, खाली बघत. तिथेच कळलं असतं की हा माणूस घरी पाठवायला तयार नाही, अजून सराव पाहिजे.

उद्या तुमचे अधिकारी म्हणतील की ठीक आहे, ती ३९ प्रश्नांची पण वाटून टाकू. नका वाटू. महिनाभर चार भिंतींच्या आत राहिलेल्या माणसाला घरी जायची एवढी घाई असते की तो १०० पैकी १०० लिहून मोकळा होतो, आणि तिथे दारू समोर नसते म्हणून त्याला ते खरंही वाटतं. म्हणून करून दाखवायला लावा, आणि त्याच्या घरच्यांना वेगळं बसवून विचारा. प्रसंग पण आमचे घ्या. हळद, गटारी अमावस्या, कारखान्याचा सीझन संपून हिशोब हातात पडतो तो दिवस, इलेक्शनचा आदला आठवडा (हा तर तुमच्याच लोकांच्या कृपेने येतो), आणि बायकोने सगळ्यांसमोर बोललं ती रात्र. मग घरी गेल्यावर महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत मोजा. कमी भरला तर बोलवून घ्या. नवीन फाईल कशाला पाहिजे?

एवढंच मागणं होतं खरं तर, पण लिहायला बसलेच आहे तर बाकीचं पण सांगते.

केंद्र सरकारचा २०१९ चा सर्व्हे आहे, एम्सने केलेला. देशात १६ कोटी लोक पितात आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. म्हणजे माझा नवरा त्या ३८ मधला नशीबवान! आणि उपचार घेतलेल्यांपैकी निम्मे तरी वर्षभरात परत पितात असं जिथे तिथे वाचायला मिळतं, माझ्या गल्लीचा हिशोब केला तर निम्मे पण कमीच वाटतात. महाराष्ट्राचं व्यसनमुक्ती धोरण २०११ सालचं आहे. चौदा-पंधरा वर्षं झाली, पोरं दहावी झाली तेवढ्यात.

दारूवरचा कर मात्र कसा बरोबर मोजता येतो हो तुम्हाला? जून २०२५ ला कॅबिनेटने ड्यूटी वाढवली तेव्हा लगेच आकडा सांगितला, १४ हजार कोटी जादा मिळणार. त्यातले एका कौन्सिलरच्या (समुपदेशकाच्या) पगारापुरते तरी आमच्या तालुक्यात फिरकतील का? एका हाताने लाडक्या बहिणीला दीड हजार द्यायचे आणि ते बहिणीच्या घरातून देशीच्या दुकानात गेले की दुसऱ्या हाताने कर वसूल. हिशोब पक्का आहे तुमचा, मानलं.

आणि कायदा बघा. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. आमच्या गावात रोज संध्याकाळी रांग असते, परवाना कुणाकडे आहे ते एकदा पोलीस पाटलाला विचारून सांगा. दुकान बंद करायचं म्हणून आम्ही बायकांनी आडव्या बाटलीच्या मतदानाचं ठरवलं होतं, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. सह्या गोळा करत फिरलो, तेव्हा कळलं की मतदानाला किती जणी आल्या त्याच्या निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडायला पाहिजेत. यादीत लग्न होऊन गेलेल्या पोरी, पुण्याला कामाला गेलेल्या, वारलेल्या पण. साहेब, आमदार व्हायला हा नियम लावला तर विधानसभेत किती जण बसतील? तुम्ही स्वतः बसाल का?

मला गेली कित्येक वर्षं झोप म्हणजे काय ते माहीत नाही. फटफटीचा आवाज आला की आवाजावरून ओळखते किती घेतलीये. मोठी पोरगी बारावीला आहे, अभ्यासाला शेजारी जाते. सासू म्हणते तू बोलतेस म्हणून तो पितो. माझं मानधन वेळेवर येत नाही आणि त्यातून खांद्याच्या प्लेटचे पैसे भरायचेत, दवाखान्यात म्हणाले पिऊन झालेला ॲक्सिडेंट आहे, योजनेत बसतो का बघावं लागेल. म्हणजे दारू विकताना सरकारची, पिऊन पडल्यावर आमची. आणि आम्ही कुणाच्या योजनेत बसतो हे कुणाच्याच योजनेत नाही.

ह्यांचा स्वभाव वाईट नाही हो. केंद्रातून आल्यावर सुरुवातीला खरंच नाही घेतली, पहाटे उठून धारा काढायचे, पोरीला सायकलवर स्टँडला सोडायचे. त्या दिवसांत कुणी येऊन दोन शब्द विचारले असते तर त्यांनी सांगितलं असतं की हळदीचं टेन्शन आलंय. मला नाही सांगितलं, मला सांगायला लाज वाटते त्यांना. बाहेरच्या माणसाला सांगितलं असतं.

तुमच्या पीएकडून 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे' असं उत्तर आलं तर ते मी अंगणवाडीच्या भिंतीवर चिकटवीन. त्यापेक्षा एक शिकलेला कौन्सिलर पाठवा. गुरुवारी पाठवा, आमच्याकडे गुरुवारी बाजार असतो आणि चारनंतर ह्यांचे दोस्त दारात येऊन हाका मारतात. त्याच वेळी येऊ दे त्याला, फॉर्म नाही आणला तरी चालेल.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
जि. अहिल्यानगर