घराचा हिशेब मुलांना पूर्ण सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकात तरुणांच्या खर्चिकपणावर बरीच पत्रे आली. आम्ही पोटाला चिमटा घेऊन घर केले, आताची मुले मोबाइल, हॉटेल आणि सहलींवर पगार उडवतात आणि वर घर परवडत नाही म्हणतात, असा त्यांचा एकूण सूर. ही पत्रे लिहिणारी मंडळी माझ्याच वयाची, बहुतेक माझ्यासारखीच पेन्शनर आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी पुण्यात राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर, आणि दोन्ही पिढ्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. त्यामुळे हा हिशेब अर्धाच मांडला जातो आहे, हे सांगणे मला भाग आहे.

उरलेला अर्धा आमच्याच घरापासून सांगते. आम्ही १९८९ साली कोथरूडला ५६० चौरस फुटांचा फ्लॅट सव्वादोन लाखांना घेतला. तेव्हाच्या माझ्या पगाराने मोजला तर तो साडेसहा वर्षांचा पगार. परवा आमच्याच इमारतीतला तेवढाच फ्लॅट ७२ लाखांना गेला, इमारत पस्तीस वर्षांची जुनी असून. माझ्याच खुर्चीवर आज नव्याने लागलेल्या मुलीला त्यासाठी तेरा वर्षांचा पगार लागेल. तिने चहासुद्धा न पिता साठवला तर.

बरे, आम्ही काटकसर केली हे खरे, पण आम्हाला मिळालेल्या कर्जाचे काय? मला बँक कर्मचारी म्हणून सवलतीच्या व्याजाचे गृहकर्ज मिळाले. तेही सरळव्याजाने, आधी मुद्दल फिटायचे आणि व्याज शेवटी. सरकारी नोकरांना घरबांधणी अग्रिम होता, भविष्य निर्वाह निधीतून (फंडातून) रक्कम काढता येत होती. शिक्षकांच्या, वीज मंडळाच्या, बँकांच्या कर्मचाऱ्यांच्या सहकारी गृहरचना संस्था होत्या आणि त्यांतल्या अनेकांना सरकारकडून स्वस्तात जमीन मिळाली. १९७०मध्ये सिडको आली, १९७२मध्ये पिंपरी-चिंचवडचे नवनगर विकास प्राधिकरण, १९७७मध्ये म्हाडा. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही आणि ज्यांनी नव्वदच्या दशकात पंधरा टक्क्यांनी कर्ज घेऊन घर केले, त्यांचे हाल मी पाहिले आहेत. लाखामागे पंधरा वर्षे चौदाशे रुपयांचा हप्ता येत असे. पण कर्जाची रक्कमच लाख-दीड लाखाची होती, आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या वेतनकरारात पगार वाढत गेला तसा तोच हप्ता हलका होत गेला. सुरुवातीला निम्मा पगार खाणारा हप्ता दहा वर्षांनी किराणा-दुधाच्या बिलाएवढा उरला. हे आमच्या शहाणपणाने झाले नाही, महागाईने झाले.

बचतीचेही तसेच. १९८८मध्ये किसान विकास पत्र निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट होत असे. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात. पीपीएफवर १९८६ ते २००० या काळात बारा टक्के व्याज होते, एप्रिल २०२०पासून ते ७.१ टक्के आहे. शिवाय आमच्या म्हातारपणाची सोय पेन्शनने झाली होती. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांना आणि बँकेत १ एप्रिल २०१०नंतर आलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही, खासगी कंपनीतल्या मुलांना तर नाहीच. म्हणजे एकाच पगारातून त्यांनी घर घ्यायचे, म्हातारपणाची पुंजी करायची आणि वर आम्ही विचारायचे, पैसे जातात कुठे?

पैसे कुठे जातात ते मी कागदावर मांडते. पुण्याच्या कडेला रावेत किंवा वाघोलीला ७० लाखांचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या किमतीला बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे १४ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क सात टक्के, ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. इमारत बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटी, साडेतीन लाख. एकूण २२ लाख ७० हजार पदरचे घातल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. यात फर्निचर नाही, पार्किंग नाही, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स नाही. पुढे ५६ लाखांच्या कर्जाला आठ टक्क्यांनी वीस वर्षे सुमारे ४६ हजार ८०० रुपयांचा हप्ता येतो आणि मुदलाइतकेच व्याज भरले जाते. ताबा मिळेपर्यंत सध्याचे भाडे चालूच.

आता हॉटेलच्या खर्चाचे बघू. एखाद्या मुलाने महिन्याचे तीन हजार रुपयांचे बाहेरचे खाणे पूर्ण बंद केले, ते पैसे सात टक्क्यांनी गुंतवले, तरी वरचे २२ लाख ७० हजार जमायला पंचवीस वर्षे लागतील. आणि घराची किंमत त्याच्यासाठी पंचवीस वर्षे थांबून राहणार नाही. सकाळच्या कॉफीवर या प्रश्नाचे खापर फोडणाऱ्यांनी एकदा हे गणित स्वतः करून पाहावे.

याचा अर्थ तरुणांच्या कर्जाची मला काळजी वाटत नाही असा नाही. उलट फार वाटते. आमच्या वेळी पतपेढीत पाच हजारांचे कर्ज हवे असेल तर दोन जामीनदार आणावे लागत. शेजाऱ्याला विचारायचे, कार्यालयातल्या सहकाऱ्याला विचारायचे, कारण सांगायचे. त्या ओशाळेपणाने किती कर्जे माणसांनी घेतलीच नाहीत! आज मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे खात्यात येतात, कुणाला तोंड दाखवावे लागत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, आणि बिलावर मात्र ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते. ती भरली की आपण वेळेवर फेडतो आहोत असे वाटते. फोन हप्त्यावर, लग्न पर्सनल लोनवर, फिरायला जाणेही हप्त्यावर. विनातारण कर्जे इतकी फुगली की नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यांच्यावरचा जोखीमभार १००वरून १२५ टक्के करावा लागला, म्हणजे अशा कर्जासाठी बँकांनी जास्त भांडवल बाजूला ठेवायचे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुले गृहकर्ज मागायला येत तेव्हा त्यांच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, अॅपवरच्या चार-पाच छोट्या कर्जांचे उशिरा भरलेले हप्ते असत. रक्कम किरकोळ, पण त्यापायी गृहकर्जाचा दर वाढे किंवा अर्जच नामंजूर होई. त्यांना कुणी आधी सांगितलेच नव्हते. घरात पैशांबद्दल बोलायचे नसते, ही आपलीच शिकवण.

गृहकर्जातही सांगायला हवे ते सांगितले जात नाही. २०२१च्या सुमारास साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी कर्ज मिळत होते. मुलांनी हप्ता पाहिला, झेपेल असे वाटले, सह्या केल्या. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, अडीच टक्क्यांनी वाढला आणि १ ऑक्टोबर २०१९नंतरची बदलत्या दराची बहुतेक बँककर्जे त्याला थेट बांधलेली. ५० लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३७ हजार २७९ येतो. नऊ टक्क्यांनी त्याच रकमेचे एका महिन्याचे नुसते व्याज ३७ हजार ५०० होते. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल हलत नाही. बऱ्याच ठिकाणी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली गेली आणि कर्जदाराला ते वर्षाचे स्टेटमेंट काढल्यावर कळले. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, याची निवड कर्जदाराला द्यायची. हा हक्क आहे हे किती जणांना ठाऊक आहे? २०२५मध्ये रेपो दर पुन्हा खाली आला. ज्यांची कर्जे चालू आहेत त्यांनी शाखेत जाऊन आपली उरलेली मुदत लेखी मागून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती.

मला सर्वांत जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘स्वतःचे घर’ असा रकाना असतो. पुण्यात फ्लॅट नसेल तर मुलाच्या स्थळाला होकार येत नाही, म्हणून पंचविशीत, नोकरीला धड दोन वर्षे झाली नसताना मुले फ्लॅट बुक करतात. कर्जाच्या अर्जावर वडिलांचे उत्पन्नही जोडलेले. लातूर, बीड, धाराशिवकडून हिंजवडीला आलेल्या मुलांच्या बाबतीत तर पदरचे २२ लाख हे गावाकडचे एक-दोन एकर विकून आलेले असतात. सातबाऱ्यावरून नाव कमी होते ते वाकडच्या सातव्या मजल्यासाठी. ज्यांच्या आईवडिलांचे पुण्यात घर आहे आणि ज्यांचे नाही, अशी तरुणांतच दोन टोके झाली आहेत. एकाच कंपनीत, एकाच पगारावर शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एक जण तिशीत निवांत असतो आणि दुसरा पन्नाशीपर्यंत हप्त्याला बांधलेला. आपण दोघांनाही ‘आजकालची मुले’ म्हणतो.

आणि आमच्या पिढीतल्या ज्यांनी निवृत्तीच्या पैशांतून दुसरा, तिसरा फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवला आहे, त्यांनीही विचार करायला हवा. २०११च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी होती. भाडेकरू घर सोडणार नाही ही भीती मी समजू शकते. पण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करून करता येतो, आणि १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात अशी मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची तरतूद आहे. बंद घर उघडले तर एका तरुण कुटुंबाला रास्त भाड्यात राहता येते आणि घाईने कर्ज काढावे लागत नाही. भाड्याने राहणे म्हणजे पैसे वाया घालवणे, हे वाक्य तर आपण घराघरातून हद्दपार करावे. भाडे २५ हजार आणि हप्ता ४७ हजार असेल तर मधले २२ हजार दरमहा गुंतवणाऱ्या मुलाला मूर्ख म्हणायचे कारण नाही.

सरकारकडेही मागण्यासारखे आहे. कमी जीएसटी लागणाऱ्या ‘परवडणाऱ्या घरा’ची किमतीची मर्यादा २०१९पासून ४५ लाखांवरच आहे. पुण्यात त्या किमतीत कुठवर जावे लागते ते पाहा. गृहकर्जाच्या व्याजावरची दोन लाखांची प्राप्तिकर वजावट २०१४पासून हललेली नाही आणि नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराला तीही मिळत नाही. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली होती. ती सर्वांना होती, दहावा फ्लॅट घेणाऱ्यालाही. तशीच सूट फक्त पहिले घर घेणाऱ्याला कायमची द्यायला काय हरकत आहे? वरच्या उदाहरणातल्या मुलाचे दोन लाख दहा हजार वाचतील, आणि तेही रोख भरायच्या रकमेतले.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढेच सांगायचे आहे की मुलांना उपदेश करण्याआधी एका रविवारी आपले जुने कागद काढावेत. घराची खरेदीखतातली किंमत, तेव्हाची पगारपत्रिका, कर्जाचा दर, फंडातून काढलेली रक्कम, सासरहून किंवा गावाकडून आलेली मदत, सगळे त्यांच्यापुढे ठेवावे. मुलांनीही आपली कार्डे, अॅपची कर्जे आणि हप्ते न लपवता मांडावेत. माझ्या लेकीबरोबर आम्ही हे केले. त्यानंतर तिने फ्लॅटचे बुकिंग तीन वर्षे पुढे ढकलले आणि आधी दोन कार्डे बंद केली.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. मालमत्ता पुरवणीतल्या जाहिरातींत ‘इतक्या लाखांपासून’ असे आकडे असतात. त्या पुरवणीत आपण दर आठवड्याला पुणे परिसरातल्या एका भागातल्या फ्लॅटचा पूर्ण खर्च छापावा, म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ, मुद्रांक शुल्क, जीएसटी, पदरची रक्कम, हप्ता आणि त्याच भागातले चालू भाडे. हा तक्ता बनवायला मदत लागली तर मी विनामोबदला करून देईन.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे