तो आकडा खोडायला सांगणाऱ्या डॉक्टरला

प्रिय डॉक्टर,

माझी लेक तुला ताई म्हणते आणि मी पहिल्या दिवसापासून तुला ‘अगं’ म्हणत आलेय, पण आज पत्राच्या वर ‘डॉक्टर’च लिहावंसं वाटलं. काल १ मे. मुदत संपायला तीन तास उरले असताना तिने कॉलेजचं डिपॉझिट भरलं. रटगर्स युनिव्हर्सिटी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, म्हणजे बीएमई. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. पैसे भरले आणि ती झोपायला गेली. गेल्या सात-आठ महिन्यांत ती इतकी शांत झोपलेली मी पाहिली नव्हती. माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. तुला नीट आभार म्हटलंच नाही, हे मनात सलत राहिलं.

बीएमई का, हे तिने तुला सांगितलं होतं. मिरजेला सुट्टीत गेलो की आबांच्या डायलिसिसला ती हट्टाने बरोबर जायची. नऊ वर्षांची पोर काचेला नाक लावून उभी असायची. रक्त नळीतून बाहेर जातं आणि तेच परत येतं, हे तिच्या डोक्यातून गेलंच नाही. पुढे शाळेत तिने विलेम कोल्फवर प्रकल्प केला. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, या डॉक्टरने सॉसेजच्या आवरणासाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड केलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण गेले. १९४५ साली एक बाई वाचली. “आई, यंत्र डॉक्टरनेच केलं ना? मग मला दोन्ही शिकायचंय,” एवढंच तिचं म्हणणं होतं.

हे म्हणणं आम्ही घेऊन गेलो होतो एका काउन्सेलरकडे. हजारो डॉलर घेतले त्यांनी. चार बैठकांत रँकिंगच्या याद्या दाखवल्या, ‘मेडिकल स्कूलला बीएमई उठून दिसतं’ हे वाक्य दर वेळी ऐकवलं (इथे मेडिकल स्कूल पदवीनंतर असतं). आमचा व्हिसा कोणता, हे एकदाही विचारलं नाही. ती पुण्यात जन्मलेली, चार वर्षांची असताना इथे आलेली, अजून एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांचा राग मला आजही येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. पालक घाबरलेले असतात. त्या भीतीवर पैसे घ्यायचे आणि मुलीकडे बघायचंही नाही, याला मी धंदासुद्धा म्हणणार नाही.

मग तुला विचारलं. तुझा पहिलाच प्रश्न होता, “काकू, ग्रीन कार्ड आलंय का?” नाही म्हटल्यावर तू क्षणभर थांबलीस. मग सरळ सांगितलंस की बरीचशी मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, आणि एकविसाव्या वर्षी तिचा एच-४ संपेल. म्हणून डिग्री अशी हवी की मेडिकलचं दार उशिरा उघडलं तरी ती स्वतःच्या पायावर उभी राहील. विद्यार्थी व्हिसावर इंजिनिअरिंग केलं तर नंतर ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या नोकरीच्या परवानगीचं, एक वर्ष आणि वर आणखी दोन वर्षं नोकरी करता येते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मेडिकलला कुठलीही डिग्री चालते, हेही तूच सांगितलंस. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तिथे वेगळा काढतात आणि इंजिनिअरिंगचे विषय त्यात धरत नाहीत. म्हणजे सर्किट्सच्या पेपरात रात्री जागून मिळवलेला ए तिथे उपयोगी पडत नाही, पण सी मिळाला तर एकूण जीपीए मात्र खाली येतो. ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्री डिग्रीतच बसतात की वरून घ्यावी लागतात, नाही जमलं तर इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलला बदलता येतं का, हे प्रश्न लेकीने वहीत उतरवून घेतले. त्याच पानावर तिने तुझ्या जुन्या कॉलेजचा आकडाही लिहिला : अर्ज करणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना मेडिकल मिळतं. त्याच्याभोवती तिने दोनदा गोल केला. महागडं कॉलेज, पण त्या रात्री आम्ही नवरा-बायको घरावर कर्ज काढायचं बोलायला लागलो होतो.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला तुझा फोन आला. तू ड्यूटीवर होतीस, मागे कुणाला तरी स्पीकरवर बोलावत होते. “काकू, मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. मी मुद्दाम आमच्या कॉलेजच्या ऑफिसला विचारलं. कॉलेजची कमिटी ज्यांना शिफारसपत्र देते तेवढेच त्यात मोजतात. ज्यांना पत्रच देत नाहीत, किंवा दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीत गळतात, ते त्यात नाहीतच. तो आकडा खोडा.”

दीड मिनिटाचा फोन. तू म्हणालेलं आम्ही तपासणार नव्हतो. तुझ्यावर कुणाचं ओझं नव्हतं, आणि आकडा तुझ्याच कॉलेजचा होता. लेकीने पेन घेतलं आणि तो गोल आडव्या रेघेने खोडला. रेघ मारताना तिचा चेहरा कसा झाला, ते मी सांगू शकत नाही. तिला पहिल्यांदाच कुणी मोठ्या माणसासारखं वागवलं होतं.

मिरजेला डायलिसिसवर एक टेक्निशियन होता. आबांच्या हाताची शीर कधी कधी सापडायची नाही. दोनदा चुकलं की तो सुई खाली ठेवायचा, “आबा, आज माझ्याकडून होत नाहीये, सिस्टरना बोलावतो,” म्हणायचा. बाकीचे टोचत राहायचे. आबा शेवटपर्यंत त्याचीच पाळी आहे का विचारायचे. तुझा फोन ठेवल्यावर मला तोच आठवला. असं खाली ठेवता येणारी माणसं थोडी असतात गं. ती भेटली की जीव किती निर्धास्त होतो, हे त्यांना कुणी सांगतही नाही.

ती डॉक्टर होईल का, ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल, मला माहीत नाही. पण ऑगस्टअखेर ती जिथे जाईल, तिथे काय आहे आणि काय नाही, हे तिला नीट ठाऊक आहे. वहीचं ते पान तिने जपून ठेवलंय, रेघेसकट.

तुझ्या नाइट ड्यूट्या कधी संपतात ते कळव. मागे फोनवर तू म्हणाली होतीस की आईच्या हातची आमटी खाऊन वर्ष झालं. डबा हॉस्पिटलच्या कुठल्या दाराशी आणून द्यायचा, तेवढं सांग.

तुझी,
एडिसनची काकू